शीतखोलीतला बिनडिस्कचा डबा

सगळी डेअरी तिला वहिनी म्हणायची, पण वहिनीचा विश्वास कुणावरच नव्हता. भाजीवाल्याकडे ती आधी तराजू उलटा करून बघायची, मग भाजी. डेअरीतल्या संगणकांचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा शीतखोलीचं तापमान सांभाळणाऱ्या छोट्या डब्यात तिने मुद्दाम डिस्कच ठेवली नाही. डबा सुरू झाला की ऑफिसातल्या सर्व्हरवरून लिनक्स या संगणकप्रणालीची प्रत तारेने ओढून घ्यायचा आणि सगळं मेमरीतच चालवायचा. बंद केला की पाटी कोरी. "डिस्क ठेवली की कुणीतरी हात घालणार. आता घाला म्हणावं."

तरी कुणीतरी घालत होतंच. हिने डब्यावर चार अंश लावावेत आणि सकाळी बघावं तर आठ. हिच्या सुटीच्या दिवशी तर दूध नासलं. पाणी कुठं मुरतंय, ते तिने लगेच ताडलं. शीतखोलीची किल्ली धाकट्या दिराकडे, आणि त्याला चिकटवलेलं तिनेच. वीज वाचवून शाबासकी हवी असेल मेल्याला. जेवायला वाढताना ती त्याच्या बोटांकडे बघायची. "अगं, साधा आहे तो," नवरा म्हणाला, तर "साध्यांनीच घरं बुडवलीत," हे उत्तर तयार. शेवटी तिने डेअरीच्या साहेबांचे कान भरले. आज दिराकडून किल्ली काढून घ्यायची आणि त्याला घरी बसवायचं, असं ठरलं.

त्याआधी रंगेहाथ पकडावं म्हणून ती सकाळी लवकर येऊन दाराआड उभी राहिली. दीर आला. त्याने डब्याचा खटका बंद केला, फरशी धुतली, पुसली, खटका चालू केला. बास. डब्याने सर्व्हरवरून प्रत ओढली आणि आकडा उमटला, आठ.

शीतखोलीत वहिनीला घाम फुटला. धुण्याआधी खटका बंद करायचा नियम तिचाच. चार अंश ती रोज चालत्या डब्यावर लावत होती, सर्व्हरवरच्या मूळ प्रतीत सुरुवातीचे आठच राहिले होते. कुणाचाच बदल टिकू नये अशी सोय करताना, त्यात आपणही आलो, हे बाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"भाऊजी, चूक माझी आहे," ती पुढे होऊन म्हणाली. "तुम्ही काही केलं नाहीत. आत्ता साहेबांना सांगते."

"पण मी काल कबूल करून आलो, वहिनी."

"न केलेलं?"

"साहेब म्हणाले, वहिनीच सांगतायत. मग मला वाटलं, माझाच हात लागत असेल."