बसप्पा मिस्त्री आणि डिझेलचा काटा

गॅरेजमध्ये दोन गोष्टी साठत जातात, जुने फिल्टर आणि किस्से. फिल्टर भंगारवाला घेऊन जातो. किस्से कुणीच नेत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

उमरग्यात हायवेला लागून माझं ट्रकचं गॅरेज आहे. बसप्पा मिस्त्री वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडं आहेत. हे सगळे किस्से एकाच वस्तूचे : डिझेलचं प्रेशर दाखवणारं गेज. फिल्टरपाशी सेन्सर बसवायचा, तिथून वायर केबिनमध्ये आणायची आणि ड्रायव्हरसमोर काट्याची तबकडी लावायची. काटा पडला की समजायचं, इंजिनला डिझेल पुरत नाही.

*

गुलाबचाचा आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांचा ट्रक चढाला लागला की दम सोडायचा. फिल्टर बदलले, नोझल बदलले, फरक शून्य! शेवटी मिस्त्रींनी गेज बसवलं. नळदुर्गच्या चढावर काटा हळूहळू खाली आला. म्हणजे टाकीतूनच डिझेल येत नव्हतं. टाकी उतरवली, तर आतल्या पाइपच्या तोंडाला फडकं चिकटलेलं.

मिस्त्रींनी ते चिमटीत धरून बाहेर काढलं. चाचांनी निरखून बघितलं.

"अरे, ह्यो तर माझाच रुमाल! कवापासनं शोधायलोय!"

*

तामलवाडीच्या एका ड्रायव्हरनं गेज देवीच्या फोटोशेजारीच बसवून घेतलं. महिन्याभरानं तक्रार घेऊन आला, "काटा दिसंना!"

बघतो तर काचेवर कुंकवाचा थर! मिस्त्री म्हणाले, "बाबा, हे मशीन हाय."

"व्हय की. पर देवीला लावायचं आन् शेजारच्याला न्हाय, बरं दिसतं का?"

*

एका शेठनी विचारलं, "गेज लावल्यावर ॲव्हरेज वाढंल का?"

"घड्याळ लावल्यावर दिवस वाढतो का?" मिस्त्री.

*

तेरखेड्याच्या एका मालकांचा ड्रायव्हरवर काडीचा भरवसा नव्हता. रोज काट्याचा फोटो मोबाइलवर पाठवायचा, असा हुकूम. एकदा तो ड्रायव्हर गाडी आमच्याकडं सोडून गावातल्या बहिणीकडं जेवायला गेला. नेमके मालक त्याच रस्त्यानं चाललेले. आपली गाडी दिसली म्हणून आत आले. गेज मी खोलून टेबलावर ठेवलं होतं. मालक ते हातात घेऊन बघत होते, तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. ड्रायव्हरचा फोटो! खाली लिहिलेलं, "मालक, सोलापूर पास केलं. काटा एकदम टाइट!"

मालकांनी शांतपणे उत्तर पाठवलं, "सावकाश ये. काटा माझ्या हातात हाय."

*

हेच मिस्त्री आधी गेजला हातसुद्धा लावत नव्हते. पंपाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचे, त्याच्या मुठीला कान लावायचे आणि बिघाड सांगायचे. कधी चुकले नाहीत. मग एक दिवस स्वतःच म्हणाले, "मालक, गेज मागवा. जमाना बदललाय." हल्ली त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते, तीही समोर उभं राहून.

परवा गुलाबचाचा सर्व्हिसिंगला आले. इंजिन सुरू होतं, आवाज एकदम गोड. पण गेजचा काटा शून्यावर.

"पंप गेला," मिस्त्री म्हणाले. "खोलावा लागंल."

मी बोलायला तोंड उघडलं. चाचांनी माझा हात दाबला.

"खोला मिस्त्री," ते मान हलवून मोठ्यानं म्हणाले. "तुमी म्हणताव म्हंजे गेलाच असंल."

चाचांना दुपारपर्यंत हैदराबादला माल पोचवायचा होता. ते बाजूला गेले, पार्टीला फोन करून उद्या येतो म्हणाले. मिस्त्रींनी पंप खोलला, एकेक भाग पुसला, परत बसवला. अर्धा दिवस गेला. मिस्त्री हात धुवायला गेले तेव्हा चाचा केबिनमध्ये चढले आणि गेजमागची निसटलेली वायर दाबून बसवली.

इंजिन सुरू केलं. काटा उभा राहिला.

मिस्त्रींचा चेहरा फुलला. फडक्याला हात पुसत माझ्याकडं वळले.

"आता ऐका आवाज, मालक! सकाळी असा होता का?"

"नव्हता," मी म्हणालो.