चार रस्त्यांची घराणी

“रस्ते चारच. पाचवा मागू नका,” असे म्हणून साहेबांनी नकाशा नारायणरावांकडे सरकवला.

नारायणराव आमच्या अकोल्याच्या रस्ते ऑफिसात हेड ड्राफ्ट्समन होते. मी त्यांच्या हाताखाली प्लॅन उतरवून घ्यायचो. विलायतेत कापसाची टंचाई पडली होती, रेल्वे वऱ्हाडात आली होती, आणि दर्यापूरकडचा कापूस काळ्या चिखलात अडकत होता. टाकळी, वडनेर, रामापूर आणि खैरी ही चार गावे स्टेशनला जोडायची होती. मुरूम चार रस्त्यांपुरताच होता.

साहेब आमच्याकडे येण्यापूर्वी रेल्वेत होते. तिथे लाईन म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आमचे सारे ऑफिसही रस्ते तसेच आखी. म्हणून साहेबांनी माळ ओवली होती: स्टेशन, टाकळी, वडनेर, रामापूर, खैरी.

खैरीच्या गंगाबाई पाटलीण ऑफिसच्या ओसरीवर येऊन बसल्या होत्या. नवऱ्यामागे शेती त्याच पाहत. त्या नारायणरावांना म्हणाल्या,

“बापू, साहेबाले म्हना, आमच्या गावाले शेपूट काहून केलं? मधी कुठंबी रस्ता वाहून गेला का आमचा कापूस घरातच सडते. मंग उकिरड्यावर फेकून देऊ का त्याले?”

नारायणरावांनी हे साहेबांना सांगितले. साहेब इंग्रजीत बोलत. मी मराठीत देतो.

“दुसरी स्कीम हवी ना? मग वरचे लोक मला विचारतील, तिसरी का नाही, चौथी का नाही? चार रस्त्यांत होणाऱ्या सगळ्या स्कीम आणा. एक जरी राहिली, तर माझी माळ पक्की.”

मी घाबरलो. मी आधी सुचतील तशा आखू लागलो आणि लवकरच एकच स्कीम दोनदा काढून बसलो. नारायणरावांनी माझा कागद बाजूला केला. टेबलावर सरकीचे पाच दाणे ठेवले: चार गावे आणि पाचवे स्टेशन. दाणा म्हणजे ठिकाण, दोऱ्याचा तुकडा म्हणजे रस्ता.

“गावांची नावे विसरा,” ते म्हणाले. “आधी घराणी ओळखा. नावे मागून.”

घराणी तीनच निघाली. पहिले माळेचे. दुसरे फुलीचे: एक ठिकाण मध्ये, बाकी चार त्याला थेट जोडलेली. तिसरे बेचकीचे: एका ठिकाणाहून तीन रस्ते फुटतात आणि त्यातल्या एकाला पुढे आणखी एक रस्ता लागतो.

मग मोजणी. फुलीत मधले ठिकाण बदलायचे, म्हणून पाच. माळेत पहिल्या जागी पाचांपैकी कोणीही, मग उरलेल्या चारांपैकी, मग तिघांपैकी, मग दोघांपैकी. असे एकशेवीस होतात. पण माळ उलटी वाचली तरी रस्ते तेच, म्हणून निम्म्या, साठ. मी दोनदा काढली होती ती अशीच उलटी. बेचकीत जिथून तीन रस्ते फुटतात ते ठिकाण पाच रीतींनी, लांबलेल्या फाट्यावरचे जवळचे ठिकाण चार रीतींनी, त्याच्या पलीकडचे तीन रीतींनी. पुन्हा साठ. एकूण एकशेपंचवीस. यात न सुटले काही, न दोनदा आले काही. इतकी स्वच्छ मांडणी मी तोवर पाहिली नव्हती. पुढेही क्वचितच पाहिली.

साहेबांनी सगळे कागद चाळले. मग पेन्सिल घेऊन स्वतः एक आकृती काढली. स्टेशन ते टाकळी, टाकळी ते वडनेर, वडनेर ते परत स्टेशन, आणि वडनेर ते रामापूर.

“चार रस्ते. गाड्यांना जायला एक वाट, यायला दुसरी. ही तुमच्यात नाही.”

“नाही, साहेब,” नारायणराव शांतपणे म्हणाले. “यात खैरी कुठे आहे?”

साहेब पेन्सिलीने आपल्या आकृतीत खैरी शोधू लागले. ओसरीवरून गंगाबाईंनी मला हळूच विचारले, “काय झालं?” मी सांगितले. त्या म्हणाल्या, “घ्या! आधी शेपटी होतो, आता तेबी कापली!”

नारायणरावांनी सरकी पुन्हा मांडली. पहिला रस्ता दोन ठिकाणे जोडतो. पुढच्या प्रत्येक रस्त्याने एक नवे ठिकाण आणले, तरच चारांत पाच जमतात. जो रस्ता वळून जुन्याच ठिकाणी येतो, तो नवे कोणाला आणत नाही. त्याची किंमत कोणा एका गावाला मोजावी लागते.

साहेब मोकळे हसले. “मग तुमची कोणती?”

नारायणरावांनी एक बेचकी उचलली. टाकळीहून तीन फाटे: एक स्टेशनला, एक सरळ खैरीला, एक वडनेरला, आणि वडनेरच्या पुढे रामापूर. खैरीच्या वाटेत नाला होता, तिथे दगडी फरशी, म्हणजे पुराचे पाणी वरून जाईल असा ठेंगणा पूल, टाकायची होती. तरी मुरूम पुरत होता. साहेबांनी त्याच दिवशी सही केली.

रस्ते झाल्यावरच्या पहिल्याच पावसाळ्यात वडनेरचा रस्ता खचला. खैरीच्या गाड्या मात्र स्टेशनवर येत राहिल्या.

नारायणराव यंदा गेले. अमरावतीला मी त्यांच्या घरी भेटायला गेलो होतो, तेव्हा दारी बैलगाडीतून एक म्हातारी उतरली. मी तिला ओळखले नाही. “तुमी ते प्लॅन काढनारे नं?” तिने विचारले. मग तसबिरीसमोर बसली आणि म्हणाली, “बापू, आमच्या खैरीची फरशी अजून शाबूत आहे जी.”

सरकीच्या त्या दिवसापासून कुणी ऑफिसात सोयीचा गोल रस्ता आखून आणला, की मी नारायणरावांसारखाच प्रश्न विचारतो. यातून राहून गेले कोण? बहुतेक वेळा आखणाऱ्याला ते ठाऊक नसते.