जॅकचा डावा खांदा

माझ्या धाकट्या भावाला अख्खी गल्ली जॅक म्हणते. गाडीचं चाक बदलताना खाली लावतात तो जॅक. जड सामान वरच्या मजल्यांवर चढवायचं हा त्याचा धंदा. लोखंडी कपाटं, फ्रिज, पलंग, एकदा तर एका बाईंच्या हट्टापायी संगमरवरी टेबल. इमारतींना लिफ्ट असते ती माणसांपुरती, आणि तीही मनात आलं तर चालते.

हे काम जोडीनं करतात. एक खालचा, एक वरचा. वजन सगळं खालच्यावर येतं. वरचा उलटा चढतो, पट्टा ताणून धरतो आणि बोलत राहतो: वळण आलं, पायरी तुटकी आहे, डावीकडे घे. जॅक खालचा. वरचा माझा नवरा, म्हणजे जॅकचे दाजी. हा माणूस घरात तोंड उघडत नाही, सगळं बोलणं जिन्यावर संपवून येतो. दोघांचा एकच नियम होता. पकड सैल करायच्या आधी ‘सोडतो’ म्हणायचं, आणि समोरून ‘सोड’ आल्याशिवाय बोटही हलवायचं नाही.

जॅक चौतिशीत होता तेव्हाची गोष्ट. सकाळच्या पहिल्याच फेरीत त्याचा डावा खांदा दुखायला लागला. आता या धंद्यात डावा खांदा दुखतोच, पट्टा तिथूनच जातो. ज्याचा दुखत नाही त्याला कामचुकार म्हणतात. घाम फुटला, तर तो कुणाला फुटत नाही? माझ्या नवऱ्यानं त्याला पायरीवर बसवलं, खांद्याला बाम चोळला, पट्टा उजवीकडे घ्यायला सांगितला, आणि दोघांनी उरलेलं घर वर चढवलं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात ते हे. संध्याकाळी जॅकच्या हातात चहाचा कप ठरेना, तेव्हा कुठे हॉस्पिटल आठवलं.

“दिवसभर काय करत होतात?” डॉक्टरांनी विचारलं.

“कपाट चढवत होतो,” नवरा म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचतच नाही.

हार्ट अटॅक सकाळीच येऊन गेला होता. बंद पडलेली नळी उघडली, जीव वाचला. पण तिच्या पलीकडचा हृदयाचा भाग दिवसभरात मरून गेला होता. वेळेवर आला असतात तर तोही वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. मग सिगारेटची चौकशी झाली. जॅक दोन मजल्यांमागे एक ओढायचा. घरात कुणाला होतं का, हेही विचारलं. आमचे वडील चाळिशीच्या आत झोपेतच गेले. तेव्हा सगळे म्हणाले, किती छान मरण आलं. कशानं आलं हे कुणी विचारलं नव्हतं.

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य घेऊन यायचा. “तरुण आहे, सावरेल.” मला त्या वाक्याचा संताप यायचा, अजून येतो. म्हाताऱ्याचं हृदय थकलं तर तो खुर्चीत बसतो आणि त्याला कुणी काही म्हणत नाही. जॅक खुर्चीत बसला की बाहेरून धडधाकट दिसायचा. गॅसचा सिलिंडर त्याची बायको फरपटत आत न्यायची आणि तो दारात उभा राहून बघायचा. समोरच्या काकू तिला म्हणाल्या, “नवरा एवढा आडदांड, आणि तू ओढतेस?” तिनं दार लावून घेतलं. त्या दिवसापासून तो दारात उभा राहीनासा झाला.

घरात बसून तो कुजत चालला होता. रोज माझ्याकडे यायचा, मध्ये दोनदा थांबून. येऊन नवऱ्याला एकच विचारायचा, “दाजी, आता मी वरचा होतो ना. वजन तुम्ही घ्या. मी नुसता बोलेन.”

डॉक्टरांनी जिने चढायलाही जपून सांगितलं होतं. मी नाही म्हटलं, त्याची बायको रडली. पण नवऱ्याच्या हाताला त्या बामाचा वास अजून येत होता बहुतेक. तो म्हणाला, “एक हलकं काम बघतो.” त्यांच्या धंद्यात हलकं म्हणजे एकच कपाट.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर जॅकचा दम संपला. पुढचं मला नवऱ्यानं सांगितलं. वरून आवाज येत होता, डावीकडे, हळू, आणि मग आवाजच बंद झाला. ‘सोडतो’ म्हणायचं जॅकला कळत नव्हतं असं नाही. म्हणायला हवाच उरली नव्हती. पट्टा सुटला, कपाट खाली घसरलं आणि माझ्या नवऱ्याचा गुडघा भिंत आणि लोखंड यांच्या मध्ये सापडला. जॅक चार पायऱ्या वर बसून होता. समोर दाजी अडकलेले, आणि याला उठता येईना. शेवटी भाडेकरूंनी कपाट काढलं.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नवरा आता काठी घेऊन चालतो आणि एका दुकानात बसून पावत्या फाडतो. जॅकला त्यानं एका शब्दानं दुखावलं नाही. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, जॅकच्या हातात काहीतरी आलं असतं. मी मात्र चिडले होते, दोघांवरही. एकाचा नवरा म्हणून राग, दुसऱ्याचा भाऊ म्हणून. आणि काढणार कुणावर? इकडे आड तिकडे विहीर.

परवा जॅकला तपासणीला मीच घेऊन गेले; त्याची मुलगी अजून शाळेत, आणि बायकोला आता दोन ठिकाणी काम असतं. डॉक्टरांनी पडद्यावर हृदय दाखवलं. एक बाजू हलत होती, दुसरी नुसती सोबत होती. ती बाजू परत येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. वजन उचलणं कायमचं बंद. जिन्याचं काम, वरचं असो की खालचं, विसरा. जॅक मान डोलावत होता.

मग डॉक्टरांना वाटलं असावं की शेवट गोड करावा. माणूस चांगला आहे, मनापासून हसून म्हणाले, “पण घाबरू नका. गोळ्या चुकवल्या नाहीत, सिगारेटला हात लावला नाहीत, तर पुष्कळ वर्षं काढाल. वय तुमच्या बाजूनं आहे.”

“पुष्कळ म्हणजे?” जॅकनं विचारलं.

“म्हणजे मुलीचं लग्न बघाल, नातवंडं बघाल.”

आम्ही बाहेर येऊन बाकावर बसलो. मला वाटलं, आता जरा त्याच्या जिवात जीव येईल. तो स्वतःचे हात बघत होता. ते हात अजून तसेच आहेत, फावड्यासारखे.

“ताई,” तो म्हणाला, “एवढी वर्षं मी करू काय?”

मला सगळे तोंडाळ म्हणतात. कुणी काही म्हणालं की माझं उत्तर तयार असतं. मी त्याच्याकडे बघितलं, मग औषधांच्या खिडकीकडे बघितलं, आणि म्हटलं, “चल, गोळ्या घ्यायच्यात.”