क्रेनवाल्या ताईची तहान

साइटवर सगळे तिला क्रेनवाली ताई म्हणत. बारा वर्षं ती टॉवर क्रेन चालवत होती आणि उंचीची भीती तिला कधी शिवली नव्हती. मग एकदा खाली उभी असताना वरून पाइप सटकला. हेल्मेटमुळे जीव वाचला, पण डोक्याला मार बसलाच. महिन्याभराने कामावर आली आणि तहान लागायला लागली. कसली तहान! पाच लिटरचा कॅन दुपारपर्यंत रिकामा, आणि दर अर्ध्या तासाला लघवीला खाली उतरणं.

"ताई, क्रेन चालवता की शिडी?" मुकादम हसायचा.

एक दिवस कॅन लवकर संपला. आकड्याला सळ्यांचा भारा लटकत होता, खाली चार माणसं होती, आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. भारा कसाबसा टेकवला. उतरताना पहिल्यांदाच तिने खाली बघायचं टाळलं.

दवाखान्यात रक्तातली साखर तपासली, ती नॉर्मल निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मूत्रपिंडं रोज दीडशे लिटरच्या वर पाणी गाळतात आणि जवळजवळ सगळं परत रक्तात ओढून घेतात. शेवटचं किती ओढायचं, ते मेंदूतून येणारं हार्मोन ठरवतं. एकतर ते येत नाहीये, नाहीतर मूत्रपिंडं त्याला दाद देत नाहीयेत. कळायचं तर तुमचं पाणी तोडावं लागेल."

तपासणीच्या दिवशी दवाखान्यात सकाळी सातपासून थेंबही नाही. दर तासाला वजन, दर तासाला लघवी मोजायची. ती पाण्यासारखी वाहतच होती. अकराला जीभ टाळूला चिकटली. ताई बाथरूमच्या नळाकडे धावली. सोबत आलेल्या धाकट्या बहिणीने दार अडवलं.

"मारून टाकतेस का मला?"

"ओरड, काय ओरडायचं ते ओरड," बहीण रडत म्हणाली, पण हलली नाही.

एक वाजता वजन दोन किलोंनी उतरलं होतं. हार्मोनचं इंजेक्शन दिलं. मूत्रपिंडांनी त्याचंही ऐकलं नाही तर? ताईने बहिणीचा हात इतका आवळला की नखं रुतली.

दीड तासाने भांड्यात जेमतेम अर्धी वाटी पडली, गडद पिवळी. मूत्रपिंडं धड होती; डोक्याला बसलेल्या माराने हार्मोनच यायचं थांबलं होतं. दोघी त्या भांड्याकडे बघत राहिल्या.

एक पेला पाणी मिळालं. दुसरा मागितला तर डॉक्टरीणबाईंनी बाटलीच उचलली. "आता पाणी आत राहणार. ढोसलंत तर रक्तातलं मीठ कमी होऊन फिट येईल."

तेव्हापासून ताई नाकात त्याच हार्मोनचं औषध मारते आणि पाणी मोजून पिते. सहा महिन्यांनी ती पुन्हा वर चढली. मुकादम आता दर तासाला वॉकीटॉकीवर विचारतो, "बरंय ना?" ताई आधी ओठांवरून जीभ फिरवून बघते, आणि मगच उत्तर देते.