आईनं न घेतलेलं नाव

शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी वडगावच्या शाळेत सातवीचा तास घेत होते. "ये बाई घरी, आई गेली," एवढंच त्या म्हणाल्या. त्याला दीड महिना झाला. घरात आम्ही दोघीच होतो, आता मी एकटी... कुलूप काढलं तरी आतून कुणी खाकरत नाही.

आई शिरोलीच्या फौंड्रीत वाळूचे साचे करायची. तिथल्याच सुपरवायझरनं तिला लग्नाचं वचन दिलं, मी पोटात आल्यावर हात झटकले आणि दुसरीशी लग्न केलं. कोडोलीच्या माहेरानंही दार लावून घेतलं. मला शाळेत घालायची वेळ आली तशी ती कोर्टात गेली. पोटगी नको, पोरीला बाप द्या, एवढंच तिचं मागणं. बया हट्टी!

साक्षीच्या दिवशीची गोष्ट आमच्या वकीलबाई पुढं कितीदा तरी सांगायच्या. पिंजऱ्यात आईला विचारलं, मुलीच्या बापाचं नाव काय, आणि ही गप्प. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, हे माहेरचं वळण. आणि लग्न न होताही ती त्याला नवराच समजत होती. "साहेब, बाईंना नावच ठाऊक न्हाय," समोरचा वकील म्हणाला. सगळे हसले. मग तिनं कागद मागून नाव लिहून दिलं. पुढं डीएनए चाचणीत तेच खरं ठरलं आणि माझ्या जन्माच्या दाखल्यावर बापाचं नाव लागलं. मोठी झाल्यावर मी तिच्यावर चिडले, त्या माणसाचा कसला मान राखतीस म्हणून. ती म्हणाली, "तुझा बाप हाय त्यो. माझा कोण, ते मी बघतो की."

तो वारल्याचं आम्हाला पेपरातून कळलं. दुसऱ्या दिवसापासून आईनं कुंकू लावायचं सोडलं.

मागच्या आठवड्यात तिच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी महापालिकेत गेले. खिडकीतल्या बाईंनी माझं आधार कार्ड बघितलं आणि न विचारताच पतीच्या रकान्यात माझ्या वडिलांचं नाव टाकलं. मला बाप मिळायला सात वर्षं लागली होती. आईला नवरा अर्ध्या मिनिटात मिळाला. माझं डोकंच फिरलं. "काढा ते. लग्न झालं नव्हतं त्यांचं," मी मोठ्यानं म्हणाले. अख्खी रांग माझ्याकडं बघायला लागली. बाईंनी नाव काढलं.

दाखला बरोबर आहे, त्यात काहीच खोटं नाही. पण घरी येऊन तो टेबलावर ठेवला आणि पतीचा रिकामा रकाना बघत बसले... राहू दिलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? आईला तरी काय हवं होतं? हे विचारायला आता घरात कुणी नाही.