एकाच नावाच्या सात नोंदी

आमचं कॅसेटचं दुकान नऊ फूट लांब आणि सहा फूट रुंद होतं. रत्नागिरीच्या एसटी स्टँडसमोर, चिऱ्याच्या भिंतींचं, खिडकी नसलेलं. त्यातले दोन फूट फळ्यांनी खाल्लेले. उरलेल्या जागेत एक टेबल, दोन डेक, एक खुर्ची आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. ऐंशीच्या दशकातली माझी बरीच वर्षं त्या खुर्चीत गेली.

त्या वेळी लोक तयार कॅसेट कमी घेत. आवडीच्या गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट देऊन जात आणि आम्ही ती भरून देत असू. साठ मिनिटांची कॅसेट भरायला साठ मिनिटंच लागतात, त्यात काही वाचवता येत नाही. मध्येच उठून जायचीही सोय नव्हती. डेकवरचा आवाजाचा काटा तांबड्यात गेला तर आवाज फाटतो आणि वीज गेली तर ते गाणं पहिल्यापासून. एका बाजूला तीस मिनिटं असतात. त्यात गाणी अशी बसवायची की शेवटचं अर्ध्यात तुटता कामा नये. ही बेरीज मला छान जमे. माझा थोरला भाऊ दुकानाचा मालक, पण बेरीज माझी. तो म्हणायचा, "तू गाणं ऐकत नाहीस मेल्या, मोजतोस."

खोटं नव्हतं ते.

गाण्यांची वही मीच केली. प्रत्येक गाण्याला क्रमांक, नाव, मिनिटं, सेकंद. ती करताना लक्षात आलं की एकेका नावाची किती गाणी असतात. सगळ्यांत जास्त नोंदी एका नावाच्या निघाल्या. वाट बघण्याबद्दलचे दोन साधे शब्द. ते इथे लिहीत नाही, कारण लिहिले तर वाचणाऱ्याच्या कानात त्याचं गाणं सुरू होईल, माझं राहून जाईल. ३८ हे जुन्या काळ्यापांढऱ्या चित्रपटातलं. ११२ भावगीत. १७६ कोळीगीत. २०३ हिंदी, नाचाचं. २७१ कुठल्याशा नव्या पोरांच्या मंडळाचं. आणि त्याच नावाच्या दोन आख्ख्या कॅसेटी: २१९ भक्तिगीतांची, २६० गझलांची. एकूण सात.

या सातांपायी एकदा फजिती झाली होती. गणपतीपुळ्याच्या बाजूच्या एका गृहस्थांनी घरच्या सत्यनारायणासाठी यादी दिली. त्यात वरती हे नाव. भावानं न विचारता २०३ भरून दिलं. पूजेच्या दिवशी माडाला बांधलेल्या कर्ण्यातून ते अख्ख्या वाडीनं ऐकलं. भटजी पोथी मिटून बसले म्हणे. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "गाणं चांगलं होतं हो. पण देव लाजला." तेव्हापासून भावानं नियम केला. हे नाव कुणी घेतलं की आधी विचारायचं, "कुठलं?" आणि सातही वाचून दाखवायची. तो नियम मी पुढे शेकडो वेळा पाळला. चार वेळा पाळला नाही. त्या चार वेळांबद्दल हे लिहितो आहे.

भाऊ गणपती विसर्जन झाल्यावर आखातात गेला, एका बांधकामावर. आईला सांगितलं एक वर्ष. मला सांगितलं, "पुढच्या गणपतीला आलोच समज. तेवढं शटर उघडत जा." मी हो म्हटलं. वडील नव्हते. घरात आई, वहिनी आणि मी. स्टँडसमोर सुनेनं बसायचं नाही, असं आईचं म्हणणं. म्हणजे मीच.

त्याच सुमारास लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातले स्टोअरकीपर आमच्या दुकानी येत. त्यांना जुनी गाणी लागत. वही बघून ते एकदा म्हणाले, "असं लिहिणारा माणूस मला स्टोअरात हवा. मी पुढच्या गणपतीला निवृत्त होतोय. साहेबांशी बोलून ठेवतो. येणार ना?"

"येणार," मी म्हणालो. भाऊ तेव्हा परत आलेला असणार होता. दोन्ही तारखा जुळत होत्या. मी तेवढ्यावर निश्चिंत होतो.

त्या कारखान्याबद्दल मला फार माहिती नव्हती. एवढंच माहीत होतं की स्टोअरला दोन बाजूंनी खिडक्या आहेत आणि पाळी संपली की कंपनीची बस चिपळूणपर्यंत आणून सोडते. पाळी संपते, हेच मला नवल वाटे. दुकानात काही संपत नसे. कॅसेटची एक बाजू संपली की दुसरी लावायची.

आखातातून पत्रं येत, पण आमच्याकडे कॅसेटीही येत. तिकडून सुटीवर येणारा कुणीतरी, इथल्याच मिरकरवाड्याचा किंवा राजिवड्याचा, हातात आणून देई. पहिली दिवाळीनंतर आली. दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही तिघं ऐकायला बसलो. आई खुर्चीत, वहिनी स्टुलावर, मी उभा. भाऊ अगदी हळू बोलत होता. खोलीत आठजण, त्यातले चार रात्रपाळीचे झोपलेले, असं त्यानंच सांगितलं.

"आई, जेवतेस ना वेळेवर?"

"जेवत्ये रे," आईनं डेकला सांगितलं.

"गुडघ्याला तेल लावतेस?"

"ही लावते हो."

वहिनी हसली. तिच्यासाठी तो एवढंच म्हणाला की तिनं दिलेलं लोणचं बरण्या उघडताच बाकीच्यांनी संपवलं. शेवटी माझ्याकडे आला. "आणि तू, ते एक गाणं भरून पाठव." त्यानं ते दोन शब्द सांगितले. "ते कानाला असलं म्हणजे दोन वर्षं निघतील इथली."

मी टेप मागे घेतली आणि पुन्हा ऐकली. दोन वर्षं. आईच्या लक्षात आलं नाही. वहिनीच्या आलं. ती फळीकडे बघत होती.

कुठलं गाणं ते मला विचारायची गरज नव्हती. सकाळी शटर उघडलं की भाऊ पहिलं १७६ लावायचा. झाडताना, उदबत्ती लावताना. चार मिनिटं पस्तीस सेकंद. कुठल्या लहानशा कंपनीनं काढलेली कॅसेट, दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं, गायिकेचं नाव पुसट छापलेलं. तशी दुसरी कॅसेट मला पुढे कधी मिळाली नाही.

मी ३८ भरून पाठवलं.

त्या वेळी मनात जे होतं ते जसंच्या तसं लिहितो. मी हिशेब केला की ते गाणं मिळालं तर तो रमेल, आणि नाही मिळालं तर नाही रमणार. नाही रमला तर गणपतीला येईल. कॅसेटच्या कागदावर मी त्या गाण्याचं नाव लिहिलं. नाव खरं होतं. फक्त क्रमांक लिहिला नाही, एरवी नेहमी लिहीत असे.

दुसरी कॅसेट शिमग्याच्या आधी आली. "हे नव्हे रे," तो कुजबुजला. "दुसरं. तुला माहीत आहे." मग म्हणाला, "गुणगुणून दाखवलं असतं, पण बाजूचा उठला तर चप्पल मारील." आई हसली. मीही हसलो.

मी ११२ पाठवलं.

या काळात मला दुकानात दम कोंडल्यासारखं होऊ लागलं. तब्येतीला काही नव्हतं, डॉक्टरांना दाखवलं होतं. दोन्ही डेक चालू असले की मी एकाच्या समोर बसून दुसऱ्याकडे कान ठेवायचो आणि समोरून गाड्या सुटायच्या. चिपळूण, खेड. लोटे त्याच रस्त्यावर. गाड्यांच्या वेळा पाठ झाल्या होत्या. एकदा मी वहीत गाण्याच्या मिनिटांच्या जागी खेडच्या गाडीची वेळ लिहिली. ती नोंद खोडलेली अजून दिसते.

तिसरी कॅसेट मे महिन्यात आली. आई लग्नाला गेली होती, ऐकायला वहिनी आणि मी. या खेपेस त्याचा आवाज थोडा बदलला होता. "विसरलास काय रे? शटर उघडल्यावर मी लावायचो ते. एवढं एक काम सांगितलंय."

टेप थांबली. वहिनी म्हणाली, "भावोजी, कुठलं ते ठाऊक आहे ना तुम्हांला?"

"आहे."

"मलाही आहे. ते तिथं, वरून दुसऱ्या फळीवर." तिनं बोटही दाखवलं. "मग?"

मी टेप काढून पेटीत ठेवली. स्टोअरकीपरांबद्दल मी घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं. पण तो परत यावा याची तिला वेगळीच घाई होती, ती मी ओळखायला हवी होती. लग्नाला दीड वर्ष झालेलं, त्यातले आठ महिने हे असे.

"त्या नावाची आणखी आहेत ना?" तिनं विचारलं.

"चार."

"त्यातली गझलची पाठवा. ती कळेपर्यंतच त्यांचा महिना जाईल."

आम्ही दोघं खूप हसलो. मग ती पदरानं डोळे पुसायला लागली आणि मी उगाच डेकचं हेड कापसानं साफ करत बसलो. २६० दोन्ही बाजू भरून पाठवली. भरताना एक तास मी ती पूर्ण ऐकली. दुकानातली ती माझी न मोजता ऐकलेली एकमेव कॅसेट असेल.

श्रावणात चौथी आली. आईचा गुडघा, पाऊस, बाजूच्या कॉटवरच्या माणसाचं घोरणं, सगळं होतं. गाण्याचं नाव त्यानं काढलं नाही. शेवटपर्यंत मी वाट बघितली. दुसरी बाजू कोरी होती, तीही पूर्ण फिरवून बघितली.

गणपती आले. भाऊ आला नाही. दसऱ्याला येतो, मग दिवाळीला येतो, असं काहीसं पत्रात होतं. स्टोअरकीपर दुकानी आले, स्टुलावर बसले. "काय रे, साहेब विचारतायत."

"भाऊ आला नाही अजून."

"मग कुलूप लाव."

"घर यावर चालतं हो."

त्यांनी वही उघडून दोनचार पानं बघितली, मिटली आणि माझ्यासमोर सरळ करून ठेवली. "मी आठ दिवस थांबवतो त्यांना," म्हणाले. थांबवलंही. नवव्या दिवशी सावर्ड्याकडचा एक मुलगा लागला.

भाऊ त्याच्या पुढच्या गणपतीला आला, बरोबर दोन वर्षांनी. काळवंडलेला, पण अंगानं भरलेला. आरत्या झाल्या, पाहुणे झाले. सहाव्या दिवशी सकाळी तो दुकानात आला आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. मी शटर नुकतं वर केलं होतं.

"लाव जरा," तो म्हणाला आणि त्यानं ते दोन शब्द उच्चारले.

मी "कुठलं" विचारलं नाही. हात वरून दुसऱ्या फळीवर गेला, कॅसेट काढली, दुसरी बाजू लावली, आकडे बघत पुढे नेली आणि बरोबर तिथे थांबवली. बटण दाबल्यावर मला कळलं की मी काय केलं. चार मिनिटं पस्तीस सेकंद आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसलो. इतक्या छोट्या जागेत ते सोपं नव्हतं.

गाणं संपलं. तो म्हणाला, "हात नीट गेला तुझा."

"हो."

"मी तीन वेळा मागितलं."

"हो."

"मला वाटलं विसरलास. त्याचंच वाईट वाटत होतं बघ तिथं. म्हटलं, सहा महिन्यांत हा विसरला."

"विसरलो नव्हतो," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. स्टोअर, खिडक्या, गणपतीची मुदत, ३८, ११२, २६०. वहिनीचं बोलणं तेवढं वगळलं.

तो ऐकत राहिला. मग हसला, पण ते हसू मला बरं वाटलं नाही. "अरे गाढवा, दोन वर्षांच्या कागदावर सही मी मुंबईतच करून गेलो होतो. मध्ये यायचं म्हटलं तरी सोडणार नव्हते. तू गाणं पाठव नाहीतर नको पाठवू."

"आईला एक वर्ष का सांगितलंस?"

"दोन सांगितली असती तर तिनं सोडलं असतं?"

"आणि मला?"

त्यानं स्टँडकडे बघितलं. "तू शटर उघडलं असतंस?"

बाहेर एक गाडी मागे येत होती आणि वाहक तिच्या पाठीवर थापा मारत होता. ती गेल्यावर मी विचारलं, "आता?"

"पुढच्या महिन्यात जायचंय. सही झाली." या वेळी त्यानं लगेच सांगितलं. "तीन वर्षं. हिलाही नेता येत नाही."

तो उठला. डेकमधून १७६ ची कॅसेट त्यानं स्वतः काढली, पेटीत घातली आणि खिशात टाकली. "ही मी नेतो."

"प्रत काढून देतो ना. तासभर थांब."

"नको," तो म्हणाला. "हीच नेतो."

तो गेल्यावर मी वही उघडली. १७६ पुढे 'दुकानात नाही' असं लिहिलं, तारीख घातली. फळीवर बोटभर जागा रिकामी राहिली होती, ती बाजूच्या कॅसेटी सरकवून मी भरली नाही. दुपारी हर्णैकडचा एक माणूस कोरी कॅसेट घेऊन आला. यादीत तिसऱ्या ओळीला तेच नाव होतं.

"कुठलं?" मी विचारलं आणि त्याला सहा वाचून दाखवली.