गुंडाळलेला तक्ता

२०१४, ऑक्टोबरमधला एक शनिवार. पासिर रिसच्या एका काँडोतला फ्लॅट. वर्गणी घरटी चाळीस डॉलर. हजर तीन मराठी कुटुंबं, मोठी सहा, मुलं चार. चौघंही अमेरिकेत जन्मलेली, आता सिंगापूरच्या अमेरिकन शाळेत. पुढच्या आठवड्यात शाळेत हेरिटेज डे होता, आपापला वारसा मांडायचा दिवस. आमच्या तीन घरांचं मिळून एक टेबल, आणि प्रत्येक मुलानं आपल्या घराण्याचा तक्ता करून आणायचा.

एकाच्या तक्त्यावर पणजोबांची तलवार आणि इनामाचं गाव. एकीच्या घरात चार पिढ्या संस्कृतचे पंडित. टाळ्या झाल्या. मग माझ्या तेरा वर्षांच्या सुजातानं तिचा तक्ता उलगडला. इंग्रजीत लिहिलं होतं: माझे पणजोबा गावातली मेलेली गुरं ओढून नेत. आमचं घर गावाबाहेर होतं. आजोबा वर्गाच्या दाराबाहेर बसून शिकले.

ज्यांच्या घरी जमलो होतो त्या वहिनींनी तो पूर्ण वाचला. गुंडाळला. रबर लावलं.

"अहो, अमेरिकन लोकांसमोर हे कशाला? आपल्या सगळ्यांचीच शोभा होते," त्या मला म्हणाल्या. मग हसून, "तुम्ही कधी बोलला नाहीत. नावावरूनही काही कळलं नाही."

कळणार नव्हतंच. न्यू जर्सीच्या हॉस्पिटलात जन्माचा फॉर्म भरताना मीच आमचं आडनाव गाळलं होतं. त्या जागी माझ्या वडिलांचं नाव लिहिलं. पुढे मीही तेच लावू लागलो. अमेरिकेत जन्मली म्हणजे कोरी जन्मली, असं मला वाटलं. तक्त्यातलं काहीच मी तिला सांगितलेलं नव्हतं. तिनं नागपूरच्या आजीला फोन करकरून विचारलं. सहा रविवार.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "सॉरी वहिनी. बदलू आपण."

पासिर रिस ते आमचं टॅम्पिनीस, मेट्रोचं एकच स्टेशन. तेवढ्यात सुजाता बोलली.

"बाबा, यू सेड सॉरी. फॉर व्हॉट?"

"सगळ्यांना सांगायची गोष्ट नाही ती."

"डेनीजच्या घराण्यातल्या एका बाईला गुलाम म्हणून बाजारात विकलं होतं. शी टोल्ड द होल क्लास." डेनीज तिची काळी मैत्रीण, अलाबामाची. "तिचा तक्ता कोणी गुंडाळला नाही. दॅट्स अमेरिकन, बाबा. तुमचं फक्त लपवणं आहे लाह."

ते 'लाह' तिनं सिंगापुरात उचललेलं. टॅम्पिनीस आलं, आम्ही उतरलो.

सोमवारी व्हॉट्सॲपवर कामांची नवी यादी आली. जुन्या यादीत सुजाताकडे श्रीखंड वाढायचं होतं. नव्या यादीत तिच्या नावापुढे लिहिलं होतं, खुर्च्या. यादी मी दोनदा वाचली. अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. माझे वडील दाराबाहेर बसले तेव्हा त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मला विचारलं नाही, तरी मी होकार दिला.

हेरिटेज डेच्या दिवशी सुजाता घरीच राहिली. तिच्या चोवीस खुर्च्या मी लावल्या. तिच्या शिक्षिकेनं विचारलं, सुजाता कुठे? वहिनी म्हणाल्या, "तिला बरं नाही." मी मान हलवली. श्रीखंडाची वाटी कोणीतरी माझ्या हातात दिली. ती मी खाल्लीसुद्धा.

घरी आलो तर तक्ता तिच्या भिंतीवर. शेवटची ओळ मी त्या शनिवारी वाचलीच नव्हती: यातलं काही न सोसता जन्मलेली आमच्या घरातली मी पहिली, म्हणून मला हे माहीत हवं.

वर्षभर तिनं माझ्याशी शाळेबद्दल एक शब्द काढला नाही. मी विचारायचो, ती म्हणायची, "ओके लाह." ते वर्ष मला परत मिळणार नाही.

पुढच्या ऑक्टोबरात वहिनींचा वर्गणीचा मेसेज आला. मी उत्तर दिलं नाही. शाळेत जाऊन वेगळ्या टेबलाचा फॉर्म घेतला. कुटुंबाचं नाव या रकान्यात आमचं आडनाव लिहिलं, चौदा वर्षांनी. सुजाताला दाखवलं. ती म्हणाली, "आय डोन्ट नो इफ आय'ल कम."

नाही आली तर तक्ता घेऊन मी एकटा उभा राहीन. कोणी गुंडाळायला आलं तर त्याचा हात धरीन.

टेबलाचे पंचवीस डॉलर. शाळेच्या ऑफिसात भरले. पावती त्याच आडनावाची घेतली.